हूक लाइटहाऊस, वेक्सफर्ड: वारा खायची तयारी ठेवा

आयर्लंडला गेलात तर लोक डब्लिन आणि क्लिफ्स ऑफ मोहरचे समुद्रकडे बघून परत येतात, पण वेक्सफर्डचं हे हूक लाइटहाऊस सोडू नका राव. काळे-पांढरे पट्टे असलेला जाडजूड बुरूज, बांधलाय 13व्या शतकात विल्यम मार्शल नावाच्या सरदाराने, त्याच्या न्यू रॉस बंदराकडे येणाऱ्या जहाजांसाठी, आणि गंमत म्हणजे दिवा आजही चालू आहे!! सुरुवातीला तो सांभाळायचे तिथले साधू, आता 1996 पासून सगळं ऑटोमॅटिक.

वर जायला 115 पायऱ्या, गोल जिना, गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. वर गाईडसोबतच सोडतात, पण तेच बरंय, नाहीतर त्या 4 मीटरपर्यंत जाड भिंती आणि दगडी घुमटाच्या खोल्या आपण नुसते फोटो काढत पार केल्या असत्या. वर गॅलरीत वारा असला भन्नाट की माझी टोपी गेली ती गेलीच.

गाडी मात्र हवीच. आणि येताना टिंटर्न ॲबी बघा, तोही ह्याच मार्शलने वादळातून वाचल्यावर नवस फेडायला बांधलेला मठ म्हणे.