घरच्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन: छोटं घ्यायचं, पण किती छोटं?

मिलिंग मशीन (टेबलावर पकडलेला धातू फिरत्या कटरने कापणारं यंत्र) बघायला जाल तेव्हा मॅग्नेटिक बेस (चुंबकाने चिकटणारा स्टँड) आणि डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) सोबत घेऊन जा. बेस टेबलावर चिकटवा, इंडिकेटरचं टोक स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या) नाकाला टेकवा आणि हेडला (स्पिंडल असलेल्या वरच्या भागाला) हाताने मागच्या बाजूला बऱ्यापैकी जोर लावून ढकला. काटा किती हलतो ते बघा. माझ्या हाताखालून गेलेल्या छोट्या मशीनांत हा आकडा ०.०२ मिमीपासून ०.१५ मिमीपर्यंत होता. नुसत्या हाताच्या जोराने जे हेड ०.१५ मिमी मागे जातं, ते पोलादात कटर शिरल्यावर काय करेल हे वेगळं सांगायला नको. मोटार किती वॅटची, टेबल किती लांब, डिजिटल डिस्प्ले आहे की नाही, हे सगळं या काट्यानंतर.

छोट्या मशीनांमध्ये निवड करताना मुळात तुम्ही कटर आणि टेबल यांच्यामध्ये किती बीड (ओतीव लोखंड) आहे आणि ते किती घट्ट जोडलंय याची निवड करत असता. एक किलोवॅट ताकद साध्या पोलादातून मिनिटाला साधारण १५ ते २० घन सेंटिमीटर धातू काढू शकते. त्या हिशेबाने ३५० वॅटच्या मोटारीनेही पाचेक घन सेंटिमीटर निघायला हवा. प्रत्यक्षात तिथवर पोचण्याच्या खूप आधी कॉलम (हेड धरणारा उभा खांब) थरथरायला लागतो, कटर किंचाळतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. म्हणजे मोटार अजून दमलेली नसते, सांगाडा दमलेला असतो.

मशीनांकडे वळण्याआधी एक पर्याय बाजूला काढतो, कारण जवळजवळ प्रत्येक जण तो एकदा करून बघतो: ड्रिल मशीनला क्रॉस-स्लाइड व्हाइस (दोन दिशांना सरकणारा शिकंजा) लावून मिलिंग. मीही केलं. ड्रिल चक (ड्रिल धरणारा भाग) नुसत्या टेपरच्या (निमुळत्या दांड्याच्या) पकडीवर बसलेला असतो. सरळ खाली दाब असेपर्यंत ती पकड छान काम करते, पण एंड मिलचा, म्हणजे बाजूनेही कापणाऱ्या कटरचा, जोर आडवा आणि हिसक्याहिसक्याने येतो. तिसऱ्या की चौथ्या पासला (कटच्या फेरीला) टेपर सुटला आणि फिरता चक कटरसकट खाली आला. सुदैवाने हात हँडलवर होता, व्हाइसजवळ नव्हता. मिलिंगच्या स्पिंडलमध्ये वरून ड्रॉ-बार (लांब बोल्ट) असतो तो याचसाठी, टेपरला ओढून धरायला. ड्रॉ-बार किंवा नटाने आवळलं जाणारं कॉलेट (कटरभोवती आवळणारी चिरलेली नळी) नसलेल्या मशीनवर एंड मिल लावू नका, कट कितीही हलका असला तरी.

अगदी छोटी मशीनं

प्रोक्सॉन एमएफ ७० हे यातलं सगळ्यात परिचित नाव. वजन ७ किलो, मोटार १०० वॅट, वेग मिनिटाला ५,००० ते २०,००० फेरे, कॉलेट १ ते ३.२ मिमी. स्वयंपाकघरातल्या कपाटात मावेल एवढं. पितळ, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, सर्किट बोर्ड, मॉडेल रेल्वेचे सुटे भाग, घड्याळाची कामं यासाठी हे मशीन मनापासून सुचवतो. पण त्याचा किमान वेगच ५,००० आहे हे विसरू नका. ३ मिमीचा कटर या वेगाला मिनिटाला ४७ मीटर कापतो. हायस्पीड स्टीलच्या कटरला साध्या पोलादात २५ ते ३० मीटरच झेपतात. म्हणजे पोलाद कापायचं तर कार्बाइडचा बारीक कटर आणि केसाएवढा कट, एवढंच.

शेरलाइन ५४०० आणि टेग ही त्याच्या वरची पायरी. शेरलाइनचं वजन १६ किलोच्या आसपास, बेस आणि टेबल ॲल्युमिनियमचे, वेग ७० ते २,८०० फेरे. अचूकतेसाठी हिचं नाव आहे, सुट्या भागांची आणि जोडसाधनांची यादी लांबलचक आहे, आणि मशीन विकत घेतल्यावर पाच वर्षांनी एखादा भाग हवा झाला तर तो मिळतो. टेग पोलादी बांधणीचं आहे, जास्त ताठ वाटतं, स्पिंडलला थेट ईआर १६ कॉलेट बसतात, पण सहा टप्प्यांच्या पुल्यांमधला सगळ्यात हळू वेगही हजाराच्या वर आहे. ५० मिमीचा फ्लाय कटर (एकाच पात्याचा रुंद कटर) पोलादावर चालवायला १६० च्या आसपास फेरे लागतात, तिथे टेग थांबतं आणि शेरलाइन चालतं. तळहातावर मावणारे भाग बनवणाऱ्याने या दोघांतलं एक डोळे झाकून घ्यावं. ज्याला मोटारसायकलचे ब्रॅकेट आणि लेथचे टूलपोस्ट बनवायचेत, त्याने इथे थांबू नये.

५० किलो की १०० किलो

बहुतेकांची खरी ओढाताण इथे होते, म्हणून इथे जरा सविस्तर.

एकीकडे सीग एक्स २ आणि तिच्यावरून निघालेली अनेक रंगांची, अनेक नावांची मशीनं. वजन ५० किलोच्या आसपास, टेबलाची चाल X मध्ये (डावी-उजवीकडे) सुमारे २२० मिमी आणि Y मध्ये (पुढे-मागे) १००. दुसरीकडे ऑप्टिमम बीएफ २०, ग्रिझली जी ०७०४ या वर्गातली मशीनं: शंभर किलो किंवा थोडी जास्त, X मध्ये साधारण ४८० मिमी, Y मध्ये १७५. कागदावर फरक टेबलाचा दिसतो. हाताला जाणवतो तो कॉलमचा.

एक्स २ च्या मूळ बांधणीत कॉलम डावी-उजवीकडे झुकवता येतो, आणि त्यासाठी तो मागून एकाच मोठ्या नटावर आवळलेला असतो. झुकवण्याची गरज वर्षातून एखाद्या वेळी पडते, त्या सांध्याचा लवचिकपणा मात्र रोज भोगावा लागतो. त्यामुळे या वर्गात घ्यायचं ठरलं तर न झुकणारा, बेसवर बोल्टांनी घट्ट बसवलेला कॉलम असलेलं मॉडेल शोधा. तिरका कट हवा असेल तेव्हा जॉब (कापायचा तुकडा) तिरका पकडता येतो.

दुसरी गोष्ट गिअरची. एक्स २ च्या जुन्या बांधणीत हेडमध्ये हाय-लो असे दोन टप्पे असतात आणि त्यातले गिअर प्लास्टिकचे. कटर अडकला की दात जातात. तसा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही: मोटार फिरतेय, टर्र-टर्र होतंय आणि स्पिंडल जागच्या जागी. बेल्टवर चालणारी ब्रशलेस मोटारची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. कटर अडकला तर बेल्ट घसरतो, मोडत काही नाही, आणि आवाज इतका कमी की घरात बाकीचे झोपलेले असताना काम करता येतं. शंभर किलोच्या वर्गातही गिअरहेड आणि बेल्ट असे दोन्ही प्रकार आहेत. घरासाठी माझं मत बेल्टच्या बाजूने आहे.

आता कामाचा फरक. १० मिमीच्या चार धारी एंड मिलने साध्या पोलादात पूर्ण रुंदीची खाच घ्यायची झाली तर ५० किलोच्या मशीनवर मी अर्ध्या मिलिमीटरच्या वर जात नाही. शंभर किलोच्या मशीनवर तोच कट एक ते दीड मिमी खोल शांतपणे जातो. ५ मिमी खोल खाचेला इकडे दहा पास, तिकडे चार. ज्याला वेळेची घाई नाही त्याला दहा पास चालतील. पण कट फार पातळ घेतला तर कटर कापण्याऐवजी घासतो, धार लवकर मरते, आणि पोलाद वरून कडक होत असेल तर पुढचा पास आणखी अवघड. हलक्या मशीनचा हा छुपा खर्च आहे, तो कटरमध्ये फेडावा लागतो.

तरीही ५० किलोचं मशीन चूक आहे असं मी म्हणणार नाही. दोन माणसं ते उचलून वरच्या मजल्यावर नेतात. शंभर-सव्वाशे किलोचं मशीन हेड आणि टेबल सुटं केल्याशिवाय जिन्यावरून न्यायचा विचारही करू नका, आणि खाली तितकंच मजबूत, न डुगडुगणारं टेबल लागेल. जागा आणि जिना यांचं उत्तर 'नाही' असेल तर प्रश्न तिथेच संपला. ५० किलोचं घ्या आणि जिब (सरकत्या भागांतला सैलपणा घालवणारी पट्टी) नीट बसवायला शिका. जिबच्या पट्ट्या घासून सरळ केल्या, कॉलम आणि बेसमधला सांधा साफ करून बसवला, तर तेच मशीन पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी चांगलं वागतं.

गोल कॉलमचं मिल-ड्रिल

आरएफ ३० आणि ३१ या प्रकारची गोल कॉलमची मशीनं सेकंडहँड बाजारात सारखी दिसतात. वजन अडीचशे किलोच्या आसपास, क्विल (हँडलने स्पिंडल खाली-वर करणारा भाग) आहे, ड्रिलिंगसाठी सुरेख, आणि वजनाच्या मानाने स्वस्त. मोह पडतो. अडचण एकच, पण ती रोजची. हेड वर-खाली करायला कॉलमवरची पकड सैल केली की हेड गोल खांबाभोवती फिरतं आणि तुमचा शून्यबिंदू जातो.

समजा, प्लेटमध्ये भोक पाडून त्याच केंद्रावर एंड मिलने काउंटरबोर (भोकाच्या तोंडाशी रुंद खळगा) घ्यायचाय. ड्रिल चक आणि १० मिमीचं ड्रिल मिळून स्पिंडलखाली वीत-दीड वीत लांबी होते. नुसतं १० मिमीचं साधं ड्रिलच १३३ मिमी लांब असतं. ते काढून आखूड एंड मिल लावला की हेड शंभर मिमी खाली आणावं लागतं. डोव्हटेल कॉलमवर (तिथे हेड तिरक्या कडांच्या सरळ रुळावर सरकतं) हँडल फिरवलं की झालं. गोल कॉलमवर पुन्हा एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन) काढा, पुन्हा केंद्र शोधा. टूलची लांबी आधीच जुळवून हे टाळणारे कसबी लोक आहेत, आणि मुख्यतः एकाच उंचीवरचं काम असेल तर हे मशीन हलक्या डोव्हटेलवाल्यापेक्षा जोमदार कापतं. पण पहिलंच मशीन म्हणून मी ते सुचवत नाही.

याच ड्रिलच्या हिशेबावरून आणखी एक सल्ला: कोणत्याही मशीनचं 'स्पिंडल ते टेबल' अंतर वाचलं की त्यातून व्हाइसची उंची, चक आणि ड्रिल वजा करा. ७५ मिमीचा व्हाइस, १०० मिमीचा चक, १३३ मिमीचं ड्रिल. ३०८ मिमी गेले, आणि जॉब अजून ठेवलेलाच नाही. X ची चाल कमी पडली तर जॉब सरकवून पकडता येतो. उंची कमी पडली की हात टेकावे लागतात.

स्पिंडलचा टेपर

एकच मशीन कधी आर ८ मध्ये मिळतं, कधी मोर्स ३ किंवा मोर्स २ मध्ये. आर ८ मुळात ब्रिजपोर्टच्या मशीनसाठी आला. त्याचा उतार जास्त आहे, त्यामुळे ड्रॉ-बार सैल करून हलकी टिचकी मारली की कॉलेट सुटतं. मोर्सचा उतार साधारण वीसास एक, तो स्वतःहून घट्ट बसतो आणि काढायला हातोडीचा चांगला दणका लागतो. छोट्या मशीनच्या बेअरिंगवर रोज दणके बसणं मला पटत नाही. आर ८ कॉलेटमध्ये १९-२० मिमीपर्यंतची शँक (टूलचा दांडा) थेट पकडता येते. मोर्स असेल तर वरून झाकण असलेला, उलटा फिरवल्यावर टूल स्वतःच ढकलून काढणारा ड्रॉ-बार बसवून घ्या. एका संध्याकाळचं काम आहे.

ईआर ३२ चा चक सोयीचा असतो, २ ते २० मिमी सगळं पकडतो, पण तो स्पिंडलच्या खाली लटकतो. टूल जितकं बाहेर, तितकं वाकणं वाढतं, आणि तेही लांबीच्या घनाच्या पटीत: बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट. म्हणून हलक्या मशीनवर नेहमीच्या दोन-तीन मापांची कॉलेट थेट स्पिंडलमध्ये वापरतो, ईआर चक बाकीच्या मापांना.

हँडलच्या चाकांवरचे आकडेही हाताने फिरवून बघा. इंचाच्या काही छोट्या मशीनांत स्क्रूला इंचाला १६ आटे असतात. एक फेरा म्हणजे ०.०६२५ इंच, आणि दर फेऱ्याला अर्धा भाग हिशेबात धरत बसायचं. मेट्रिकमध्ये फेऱ्याला पूर्ण १, २ किंवा अडीच मिमी असेल तर डोकं शांत राहतं. डीआरओ (डिजिटल डिस्प्ले) बसवायचाच असेल तर ही अडचण उरत नाही. बॅकलॅश (चाक उलटं फिरवल्यावरची मोकळी चाल) सगळ्यांत असतोच. दोन-तीन दशांश मिमी असला तरी मी मशीन नाकारत नाही, फक्त क्लाइंब मिलिंग टाळतो आणि कटर जॉबला खेचणार नाही अशाच दिशेने फीड देतो.

पैसे ठरवताना मशीनवर सगळे घालवू नका. चांगला व्हाइस, क्लॅम्पचा संच, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समान उंचीच्या पट्ट्या), एज फाइंडर, कॉलेट आणि मूठभर चांगले एंड मिल यांची बेरीज मशीनच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सहज जाते. जॉब वर उचलणाऱ्या हलक्या व्हाइससह शंभर किलोचं मशीन घेण्यापेक्षा, घट्ट व्हाइससह ५० किलोचं मशीन घेतलेलं मला जास्त पसंत पडेल.

मला आज एकच निवडायचं असेल आणि जमिनीवर जागा असेल, तर मी शंभर किलोच्या वर्गातलं, डोव्हटेल कॉलमचं, आर ८ स्पिंडलचं, बेल्टवर चालणारं मशीन घेईन. पितळ आणि ॲल्युमिनियमचेच छोटे भाग करणाऱ्याला शेरलाइन. आणि सेकंडहँड बघत असाल तर टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा: मध्यभागी सैल आणि टोकांना जड लागत असेल तर डोव्हटेल मध्ये झिजलेला आहे, आणि जिब कितीही आवळली तरी तो परत येत नाही.