छापील पाठटाचण वही: कोणते रकाने कामाचे, कोणते पुन्हा आखावे लागतात

पाठटाचण वही म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं ते शिक्षकाने आधी लिहून ठेवायची वही. छापील वही साधारण एकाच साच्याची असते. वर दिनांक, इयत्ता, तासिका, घटक, उपघटक. मग उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती असे समोरासमोरचे दोन रकाने, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ, आणि तळाशी शेरा व सही. छापणारा बदलला तरी फरक पडतो तो मुख्यतः कागदाच्या जाडीत, मुखपृष्ठात, रकान्यांच्या मापात आणि बांधणीत. नव्या शिक्षकाने ही वही जरूर वापरावी. पण छापली आहे तशी भरू नये, कारण मुलं कुठे चुकतील हे लिहायला तिच्यात जागाच नाही, आणि तासाची खरी तयारी तिथेच होते.

हा साचा कुठून आला ते पाहिलं की ही उणीव कशी राहिली तेही कळतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या अनुयायांनी, मुख्यतः झिलर आणि राइन यांनी, पाठाच्या पाच पायऱ्या रूढ केल्या: पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. वहीतला प्रस्तावनेपासून सुरू होणारा रकान्यांचा क्रम त्याच वंशातला. पाठ म्हणजे शिक्षकाने क्रमाने मांडायचा विषय, ही त्यामागची धारणा. क्रम चांगलाच आहे. पण मांडलेलं मुलांपर्यंत वाकडं पोहोचलं तर पुढे काय करायचं, याला त्यात रकाना नाही.

उद्दिष्टांच्या रकान्यात सहसा ‘विद्यार्थ्यांना दशांश अपूर्णांकांचे ज्ञान होईल’ अशी वाक्यं भरली जातात. ज्ञान झालं की नाही हे तास संपताना तपासणार कसं? त्याऐवजी एकच उद्दिष्ट लिहावं आणि ते दिसेल अशा क्रियापदात लिहावं: ‘दोन स्थळांपर्यंतच्या तीन दशांश अपूर्णांकांचा चढता क्रम लावतो आणि कारण सांगतो.’ असं लिहिलं की शेवटी कोणता प्रश्न विचारायचा ते आपोआप ठरतं. तो प्रश्न मूल्यमापनाच्या रकान्यात सर्वांत आधी लिहावा आणि मग वरचं पान भरावं. छापील क्रमाने, वरून खाली लिहीत गेलं की मूल्यमापन उरलेल्या जागेत कोंबलं जातं आणि तासातही त्याच्या वाट्याला उरलेली दोन मिनिटंच येतात.

आता मुख्य दुरुस्ती. विद्यार्थीकृतीचा रकाना ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’, ‘विद्यार्थी उत्तरे देतात’ अशा वाक्यांनी भरतो. हा मजकूर कोणत्याही विषयाच्या कोणत्याही पाठाला चालतो, म्हणून तो निरुपयोगी. या रकान्याचं शीर्षक खोडून तिथे ‘अपेक्षित चुका’ लिहावं. दशांशाच्याच पाठात पाहा. काही मुलं दशांशचिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात. ४५ हे ६ पेक्षा मोठे, म्हणून ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठे. काहींची समजूत बरोबर उलटी असते: शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून दोन स्थळं असलेली संख्या नेहमी लहान. वर्गात ‘०.४५ मोठे की ०.६?’ एवढंच विचारलं तर दुसऱ्या गटातली मुलं चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देतात आणि शिक्षक समाधानाने पुढे जातो. ‘०.६, ०.४५ आणि ०.७३ यांत सर्वांत मोठी कोणती?’ असं विचारलं तर पहिला गट तसाच निसटतो. तेच तीन आकडे चढत्या क्रमाने लावायला सांगितले की तिन्ही विचार वेगळे दिसतात. ०.६, ०.४५, ०.७३ लिहिणारं मूल पूर्ण संख्येसारखं वाचतंय. ०.४५, ०.७३, ०.६ लिहिणारं मूल ‘लांब ते लहान’ मानतंय. ०.४५, ०.६, ०.७३ हा बरोबर क्रम. असा एक प्रश्न शोधायला वेळ लागतो, पण टाचण काढण्यात खर्चायचा वेळ याच कामाचा आहे.

प्रश्नासमोर दोन्ही चुकांसाठी पुढची कृती लिहून ठेवावी. इथे १०×१० चौकटींचा कागद चालतो: उभी एक पट्टी म्हणजे एक दशांश, एक चौकोन म्हणजे एक शतांश. ०.६ साठी सहा पट्ट्या रंगवल्या की ६० चौकोन भरतात, ०.४५ साठी चार पट्ट्या आणि पाच चौकोन. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर वाद उरत नाही.

साहित्याचा रकाना मात्र नुसत्या नावांनी भरायचा नाही. ‘चौकटीचे कागद’ एवढंच लिहिलं तर संख्या, वाटप आणि परत गोळा करणं विसरलं जातं, आणि पाठ तिथेच सांडतो. ‘जोडीला दोन कागद, एकच रंगीत पेन्सिल, रांगेप्रमाणे गठ्ठे आधीच लावलेले’ असं लिहावं. प्रत्येकाला चार रंग दिले की गणिताचा तास चित्रकलेचा होतो.

वेळेचा वेगळा रकाना बहुतेक वह्यांत नसतो. समासात पेन्सिलीने आखून घ्यावा. ४० मिनिटांच्या तासिकेत शिकवायला साधारण ३४ मिनिटं धरावीत, बाकीची स्थिरस्थावर होण्यात आणि आवरण्यात जातात. या पाठासाठी उजळणी ५, नवीन भाग ८, क्रम लावण्याचा प्रश्न आणि त्यावरचा निर्णय ४, जोडीने सराव १२, शेवटची चिठ्ठी (मूल्यमापनाच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं) ५. वेळ कमी पडला तर काय गाळायचं तेही खूण करून ठेवावं. गाळायचा तो सराव, चिठ्ठी नव्हे.

प्रस्तावनेच्या रकान्याला दोन ओळी पुरतात. चार-पाच प्रश्न विचारत मुलांच्या तोंडून पाठाचं नाव काढून घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिने शिकवण्यात काहीच भर पडत नाही.

या वहीतला सर्वांत दर्जेदार रकाना फलकलेखनाचा. तो अनेकदा रिकामा राहतो, हे वाईट. फळ्याचे तीन भाग आखून काय शेवटपर्यंत राहणार, काय पुसलं जाणार आणि मुलांची उत्तरं कुठे लिहिणार हे आधी ठरवलं, तर तासाच्या शेवटी मागे बसलेल्या मुलालाही पाठाचा प्रवास फळ्यावर दिसतो. रकाना अर्ध्या पानाचा असेल तीच वही निवडावी.

मूल्यमापनाच्या प्रश्नापुढे ‘थांबा’ असा शब्द लिहिण्याची सवय लावावी. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत दाखवून दिलं. क्रम लावण्यासारख्या लेखी प्रश्नाला तर मिनिटभर द्यावं आणि सगळ्यांनी एकदम पाट्या वर कराव्यात. हात वर करणाऱ्या चौघांची उत्तरं म्हणजे वर्गाचं उत्तर नव्हे.

शेऱ्याचा रकाना सहीसाठी राखीव धरला जातो. त्यातली अर्धी जागा स्वतःकडे घ्यावी आणि त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात: कोणती चूक किती मुलांची निघाली आणि उद्याची उजळणी कशापासून सुरू होणार. दुसऱ्या दिवशी आकडा आठवत नाही.

बांधणीबद्दल इतकंच, की शिवलेल्या वहीतलं पान पुढच्या वर्षी काढून वापरता येत नाही. सुटी पानं रिंगच्या फाइलमध्ये लावायची सोय असेल तर तीच घ्यावी. पुढच्या वर्षी तोच घटक आला की मूळ पानावर चुका आणि शेरा तयार असतो, नवं टाचण निम्म्या वेळात होतं. शाळेला शिवलेलीच वही लागत असेल तर डावं पान कोरं ठेवून अपेक्षित चुका तिथे लिहाव्यात.