बागेसाठी जुना मिनी ट्रॅक्टर: टू व्हील की फोर व्हील?

द्राक्षबागेसाठी जुना मिनी ट्रॅक्टर बघायला निघालात की गाडी एकाच प्रश्नावर येऊन अडते. तेवढ्याच पैशात कमी चाललेला टू व्हील, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारा, मिळतोय आणि जरा जास्त चाललेला फोर व्हील, म्हणजे चारही चाकं ओढणारा, तोही मिळतोय. धरायचा कोणता? एचपी, लिफ्ट, गिअर यांची माहिती कोणीही देईल, ती मी सोडून देतो. ९ बाय ५ फुटांच्या बागेत दोन्ही बसतात आणि ब्लोअर, म्हणजे मागे जोडायचं फवारणीचं यंत्र, दोन्ही ओढतात. चुलत्यांचा टू व्हील आम्ही काही वर्षं दोघांच्या बागेत मिळून चालवला. पुढे स्वतःचा घ्यायची वेळ आली तेव्हा जुना फोर व्हील आणला. म्हणजे दोन्हींच्या सीटवर बसून झालंय.

टू व्हीलची बाजू कमजोर नाही, हे आधी सांगतो. पुढे गिअर, शाफ्ट, ऑइल सील असलं काही नसल्याने तिथे खर्चच नाही. कोणत्याही गावातला मेकॅनिक तो उघडतो. ओळीच्या टोकाला, ताणाच्या तारांच्या आत, तो कमी जागेत वळतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेणखत टाकायचं, काड्या बाहेर काढायच्या, हलका रोटर मारायचा, या कामांत मला दोघांत फारसा फरक जाणवला नाही. जमीन तेव्हा दगडासारखी असते.

फरक कळतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. पोंग्यापासून, म्हणजे डोळे फुटल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस येतो. रात्री झोडपलं, सकाळी आभाळ भरलेलं, पानं ओली. वाफसा यायची, म्हणजे जमीन चालण्याजोगी सुकायची, वाट बघत बसलं तर डाऊनी घडात उतरते, मग कितीही महागडं औषध मारा. म्हणून चिखलातच ब्लोअर घालावा लागतो. ६०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच ६०० किलोचं, वर ब्लोअरचं वजन वेगळं.

उघड्या रानात चाक फिरायला लागलं तर बाजूने गाडी काढता येते. बागेत ती सोय नाही. दोन्हीकडे बोद, म्हणजे वेलींखालचे मातीचे उंच वरंबे, आणि मधल्या त्याच दोन पट्ट्यांतून प्रत्येक वेळी जायचं. काळी माती टायरच्या दातांत अशी भरते की चाक गुळगुळीत होतं आणि जागेवरच फिरत खाली खणत जातं. टू व्हील तेवढ्यातूनही निघतो, नाही असं नाही, पण मागे खड्डा ठेवून निघतो. पुढच्या फवारणीला चाक पुन्हा त्याच खड्ड्यात. ब्लोअरचं एक चाक खाली गेलं की अख्खा ब्लोअर कलतो. एका बाजूचे नोझल वरच्या तारांवर मारतात, दुसऱ्या बाजूचे खोडावर. बाहेरून बघणाऱ्याला फवारणी झाली असंच वाटतं. पानं उलटून बघितली की कळतं, एका अंगाच्या घडांना औषध लागलेलंच नाही. मला फोर व्हीलकडे नेलं ते याच त्रासाने. ट्रॅक्टर रुतला तर शेजाऱ्याला हाक मारून ओढून काढता येतो. न लागलेलं औषध चार-पाच दिवसांनी पानावर तेलकट डाग उठतात तेव्हा कळतं.

मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक आहे की, असं कोणी म्हणेल. तो सरळ ओळीत कामाचा आहे, पण वळताना सोडावा लागतो आणि चिखल सगळ्यात जास्त वळणावरच झालेला असतो. तिथे टू व्हीलची पुढची चाकं नुसती ढकलली जातात. स्टिअरिंग पुरं फिरवलेलं असतं आणि गाडी सरळ तारांच्या लोखंडी अँगलकडे सरकत असते.

फोर व्हीलमध्ये पुढची चाकं स्वतः ओढतात, त्यामुळे मागच्यांना खणावं लागत नाही. सलग पाऊस लागला तर तोही अडकतो, हे मान्य. पण आमच्या चिकण जमिनीत चाकोऱ्या डोळ्यांना दिसण्याइतक्या उथळ राहिल्या आणि ब्लोअर सरळ चालू लागला.

बाजारात महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा बी २४४१ हे दोन्ही २४ एचपीचे फोर व्हील बघायला मिळतील. कोणताही घ्या, पण जुना फोर व्हील बघताना पुढचा भाग सोडू नका. पुढच्या हबला तेलाचा ओघळ आहे का, ते खाली बसून बघा. फोर व्हीलचा लिव्हर टाकून मऊ रानात चालवा आणि पुढची चाकं खरंच ओढतात का हे बघायला सोबतच्याला बाजूला उभं करा. पुढच्या टायरचा साइज कंपनीचाच हवा. पुढच्या-मागच्या चाकांचं गणित ठरलेलं असतं, कोणी भलता टायर बसवला असेल तर ताण थेट गिअरवर येतो. पुढचे टायर मागच्यांपेक्षा फारच झिजलेले दिसले तर आधीच्या मालकाने डांबरीवरही लिव्हर टाकूनच पळवला असावा.

जमीन मुरमाड, निचऱ्याची असेल आणि छाटणी पाऊस सरल्यावर धरत असाल, तर चांगला राखलेला टू व्हील घ्यायला माझी हरकत नाही, उरलेले पैसे ब्लोअरला लावा. सटाण्याकडच्या आगाप, म्हणजे लवकर, छाटणीवाल्यांना मात्र ऐन पावसातच फवारायचं असतं. त्यांनी टू व्हीलच्या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं.

आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही केलेला फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, त्यांच्या सह्या त्याच बैठकीत उरकून घ्या. आणि फोर व्हीलचे पुढचे टायर संपत आले असतील, तर नव्या जोडीचा भाव आधीच विचारून जा आणि तेवढे पैसे सौद्यातून कमी करायला सांगा.