ट्रेनी अकाउंटंट म्हणून छोट्या ऑफिसात काम : माझा अनुभव, साडेचार स्टार

सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी ट्रेनी होते. बी.कॉम.नंतर हिशोबाचं काम खरोखर शिकायचं असेल तर अशाच छोट्या ऑफिसात जा, हे मी मनापासून सांगते. अर्धा स्टार का कापला तेही पुढे लिहिलंय.

क्लासमध्ये टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) शिकलं की पेमेंटला एफ-फाइव्ह, परचेसला एफ-नाइन हे बोटांना येतं. पण तिथलं टॅली एज्युकेशनल मोडवर असतं. महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा टाकता येतात आणि बिलं पुस्तकात छापलेली, स्वच्छ. ऑफिसात माझ्या पुढ्यात आली हळदीच्या एका व्यापाऱ्याची कापडी पिशवी. तीत पेट्रोलच्या पुसट पावत्या, हमाली-तोलाईच्या पट्ट्या, ट्रकभाड्याची हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि मालकांच्या घरच्या फ्रिजचं बिलसुद्धा. धंद्याचं कोणतं, घरचं कोणतं, हे आधी ठरवायचं. एंट्री मारणं त्यानंतरचं.

आणि इथेच वरून तपासणारं माणूस लागतं. आमच्या सिनियर मॅडम संध्याकाळी बिल हातात धरून माझी एकेक एंट्री तपासायच्या. त्यांचा प्रश्न एकच असायचा, "कशावरून?" भाड्याची चिठ्ठी दिसली की विचारायच्या, रोख दिले की बँकेतून? कारण एकाच दिवशी एकाला दहा हजारांच्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरत नाहीत. मालवाहतूकदारासाठी ती मर्यादा ३५ हजार आहे. कायदा मी परीक्षेसाठी वाचला होता, पण तो चिठ्ठीवर कुठे शोधायचा हे त्यांनी दाखवलं. उत्तर मिळेपर्यंत रक्कम सस्पेन्सला (म्हणजे तात्पुरत्या खात्यात) टाकायची मुभा होती, पण सस्पेन्स महिनाअखेरीला शून्य झालंच पाहिजे, हा त्यांचा दंडक. मला तो फार पटला.

सगळ्यात जास्त शिकले ते टूबी जुळवताना. टूबी म्हणजे विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटीतली यादी. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टूबी येतं आणि जानेवारी २०२२ पासून त्यात दिसतं तेवढ्याच बिलांचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येतं. आपल्या खात्यात बिल आहे आणि तिथे नाही, तर का नाही? समोरच्याने जीएसटी नंबर चुकवलाय, रिटर्न भरलेलं नाही, की तो तिमाही रिटर्न भरणारा आहे? मग त्यांच्या अकाउंटंटला फोन. मॅडम सुरुवातीला शेजारी बसून ऐकायच्या, नंतर फोन माझ्यावरच सोडला. खऱ्या पार्टीचे खरे पैसे अडकलेले असतात, त्यामुळे जी जबाबदारी वाटते ती क्लासमधल्या सरावात येत नाही.

आता कमतरता. ११ ला जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न), २० ला थ्रीबी (कर भरायचं रिटर्न). त्या दरम्यान कुणालाच मान वर करायला फुरसत नसते, शंका साठवून ठेवाव्या लागतात. स्टायपेंड बसभाडं आणि डबा यांत संपतो. हे मला खटकतं, कारण ट्रेनी काम करतोच, नुसता शिकत नाही. शिवाय पार्ट्या लहान असल्याने पगारपत्रक, पीएफ यांचं काम हाती लागलं नाही.

अनुभवाचं पत्र मात्र उत्तम मिळालं. नुसतं 'काम केले' असं न लिहिता बँक रिको (बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणी), टूबी जुळवणी, ट्रायल बॅलन्सपर्यंतची (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांच्या यादीपर्यंतची) तयारी, असं एकेक काम त्यात आहे. पुढच्या मुलाखतीत प्रश्न त्यावरूनच आले. जागा घेण्याआधी दोन गोष्टी विचारा : माझ्या एंट्र्या कोण तपासणार, आणि पत्रात काय लिहिणार? शक्य असेल तर एप्रिलमध्ये लागा. नवीन वर्षाचे ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीची शिल्लक) ओढताना मागच्या वर्षाचं प्रत्येक खातं डोळ्यांखालून जातं, आणि मार्चअखेरच्या गर्दीपेक्षा तेव्हा शिकवायला माणसं मोकळी असतात.