दूरस्थ बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) : करावं का? (लांबलचक रिव्ह्यू आहे, चहा घेऊन बसा)

बरेच जण मेसेज करून विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेव बघायचे, आधी ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र कोर्स केला, मग नोकरी सांभाळून दूरस्थ शिक्षणाने बी.लिब. केलं. कुठल्या विद्यापीठातून ते लिहीत नाही कारण मला जो वैताग आला तो मुळात आमच्या अभ्यासकेंद्राचा होता, दुसऱ्या केंद्रावर कदाचित सगळं झकास असेल.

आधी थोडक्यात, कोणता रस्ता कशासाठी. प्रमाणपत्र कोर्स जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात, स्वस्त असतो, आणि महाराष्ट्राच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या अ, ब, क, ड वर्गातल्या वाचनालयांत बहुतेक कामांना तेवढा पुरतो. पण पगाराची स्वप्नं बघू नका. बी.लिब. कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएशननंतर एक वर्षाचं. शाळेत, मोठ्या संस्थेत अर्ज टाकायला ते बऱ्याच ठिकाणी मागतात. कॉलेजचा ग्रंथपाल व्हायचंय तर पुढे एम.लिब. (पदव्युत्तर पदवी), तेही 55 टक्क्यांनी, आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. म्हणजे बी.लिब. ही मधली पायरी आहे, हे डोक्यात ठेवूनच फी भरा.

आता खरा रिव्ह्यू. थिअरी: ठीक. रंगनाथनांची 1931 ची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं, ग्रंथालय कायदे, संदर्भसेवा, माहितीचे स्रोत, हे सगळं घरी बसून वाचून होतं, त्यासाठी कुणाच्या लेक्चरची गरज नाही. छापील पुस्तकं उशिरा आली तर घाबरू नका, इग्नूच्या ईज्ञानकोश या वेबसाइटवर त्यांच्या बी.लिब.चं साहित्य पीडीएफमध्ये फुकट आहे आणि ते नीट लिहिलेलंय, इंग्रजीची सवय नसेल तर सुरुवातीला जड जातं एवढंच. एम.लिब.पर्यंत जाणाऱ्यांनी ई-पीजी पाठशाला ही वेबसाइटही बघा.

प्रॅक्टिकल: इथे गाडी अडते. वर्गीकरण ही वाचून येणारी गोष्टच नाही. डीडीसीचे (ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकाला विषयाप्रमाणे नंबर द्यायची पद्धत) चार जाडजूड खंड समोर ठेवून, बोट फिरवत, चुकत चुकत नंबर बनवावा लागतो. उदाहरण देते. 'महाराष्ट्रीय स्वयंपाक' असं पुस्तक समोर आलं. चौथ्या खंडातल्या इंडेक्समध्ये स्वयंपाक बघितला की 641.5 कडे पाठवतो, तिथे गेल्यावर प्रदेशानुसार स्वयंपाकाला 641.59 दिसतो आणि खाली सूचना असते की पुढे टेबल 2 मधला प्रदेशाचा आकडा जोडा, मग पहिला खंड उघडायचा, महाराष्ट्र 54792, जोडला की 641.5954792. एकदा हे जमलं ना की एवढा आनंद होतो! पण आमच्या केंद्रावर अख्ख्या बॅचमध्ये डीडीसीचा एकच सेट आणि तोही कपाटात कुलूपबंद, चावी ज्यांच्याकडे ते रविवारी येणार नाहीत आणि कॉन्टॅक्ट क्लास नेमके रविवारी. शेवटी सरांनी फळ्यावर तयार नंबर लिहून दिले, आम्ही उतरवून घेतले. याला प्रॅक्टिकल म्हणायचं असेल तर कठीण आहे.

कॅटलॉगिंगची, म्हणजे पुस्तकाची नोंद करण्याची, तीच कथा. ए-ए-सी-आर 2 या नोंदीच्या नियमांप्रमाणे कागदावर कार्डाचा चौकोन आखायचा, लाल रेघा मारायच्या, मग लेखक कुठून सुरू, शीर्षक कुठून सुरू. परीक्षेत मार्क त्याच्यावरच. कुठल्या वाचनालयात आता नवीन कार्ड बनतंय सांगा मला. मुलाखतीत मात्र विचारतात की मार्क 21 मध्ये (कॉम्प्युटरवरच्या नोंदीचा ठरलेला साचा) शीर्षक कुठल्या टॅगला जातं (245, लिहून ठेवा, लेखक 100 आणि वर्गांक 082). रेघा मारण्यातून नोंदीचे भाग समजतात हे मान्य, पण वर्षातला एवढा वेळ?

म्हणून माझं स्पष्ट मत, डिग्री घ्या पण डिग्रीच्या भरवशावर राहू नका, कोहा स्वतः शिका. हे न्यूझीलंडमध्ये एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनलेलं सॉफ्टवेअर, 2000 पासून वापरात आहे, ओपन सोर्स आहे, लायसनचा एक रुपया नाही. जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकून किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये लावता येतं. पहिल्यांदा एरर येणार, येऊ द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये कोहावर अख्खी मालिका आहे, एकेक व्हिडिओ छोटा, थांबवून थांबवून करता येतो. मी आमच्या वाचनालयाच्या दाखल रजिस्टरमधली कादंबऱ्यांची पानं घेऊन नोंदी टाकत गेले आणि कॅटलॉगिंग मला तिथे समजलं. झेड 39.50 ने (दुसऱ्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून नोंदी आणायची सोय) लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयाच्या नोंदी थेट ओढता येतात, आणि त्यांचं दिल्लीला ऑफिस असल्यामुळे मराठी पुस्तकं तिथे भरपूर सापडतात, फक्त शीर्षक रोमन लिपीत डोक्यावर रेघा-टिंबांसकट येतं, ते देवनागरीत आपल्यालाच टाकायचं. सरकारी ठिकाणी ई-ग्रंथालय आणि कॉलेजांत सोल ही अशीच दुसरी सॉफ्टवेअर भेटतील, पण एक नीट आलं की दुसरं अवघड जात नाही. सोलचं ट्रेनिंग गांधीनगरला ते बनवणारी इन्फ्लिबनेट ही संस्था देते, कॉलेजवाल्यांनी जरूर जावं.

जाता जाता एक खटकलेली गोष्ट. डीडीसीत इंग्रजी साहित्याला अख्खं 820, आणि आपण मराठीवाले 891.46 मध्ये, कादंबरी 891.463, त्याच घराच्या शेवटच्या खोलीत 891.469 ला कोकणी. मराठी वाचनालयातली निम्मी कपाटं एकाच नंबरात कोंबायची! म्हणून आमच्याकडे वाचकांसाठी कादंबरी, कथा, नाटक, चरित्र अशाच पाट्या आहेत आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, कोर्समध्ये मात्र यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

मार्क द्यायचे तर थिअरी 5 पैकी 4, प्रॅक्टिकल 5 पैकी दीड, तो अर्धा सरांच्या चांगल्या स्वभावाला. फीच्या मानाने डिग्री पैसे वसूल, कारण अर्जातला रकाना भरतो. पण ज्यांना नोकरीचं बंधन नाही त्यांनी सरळ रेग्युलर करावं, पुणे विद्यापीठ किंवा मुंबईत एसएनडीटी, मोठ्या ग्रंथालयाच्या कपाटांत रोज फिरायला मिळतं ही गोष्ट दूरस्थमध्ये कधीच मिळणार नाही.

ॲडमिशन घेण्याआधी केंद्रावर प्रत्यक्ष जा. डीडीसीचे सेट किती आहेत, क्लासच्या दिवशी ते बाहेर काढतात का, आणि परीक्षेला कुठली आवृत्ती चालते हे तोंडावर विचारा. 19वी असेल तर त्यात कॉम्प्युटर 001.6 मध्ये आहे, 23वीत 004 ते 006. घरी एकीवर सराव आणि परीक्षेत दुसरी समोर आली तर पेपर तिथेच गेला.