घरातील वस्तू पारखण्यासाठी घेतलेले दहापट भिंग

आमच्या बैठकीच्या खोलीतील समुद्राचे चित्र हे मूळ तैलचित्र आहे, अशी घरात दोन पिढ्यांची समजूत होती. जाड सोनेरी चौकट, कोपऱ्यात न लागणारी सही आणि बोट फिरवले की जाणवणारे रंगाचे उंचवटे, एवढ्या पुराव्यावर ती टिकून राहिली. चित्राचे मूल्यमापन करून घेण्याचे ठरले, तेव्हा आधी आपणच नीट पाहावे म्हणून मी जवाहिरे वापरतात तसले, दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग विकत घेतले. आठ महिन्यांच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

भिंग स्टीलच्या कवचात मिटते आणि मुठीत मावते. काचेचा व्यास 18 मिलिमीटर आहे. तीन काचा एकत्र बसवलेल्या या प्रकाराला ‘ट्रिपलेट’ म्हणतात. साध्या भिंगात कडेला दिसणारी रंगीत झालर आणि वाकलेल्या रेषा यात जवळजवळ दिसत नाहीत, आणि निर्णय रंगाच्या ठिपक्यांवरून करायचा असल्यामुळे हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटला. कवचावर 30 पट असे कोरलेली पुष्कळ स्वस्त भिंगे प्रत्यक्षात दहापटीच्या आसपासच असतात. दहापट भिंगातून वस्तू सुमारे 25 मिलिमीटर अंतरावर स्पष्ट दिसते. खरोखर 30 पट असेल, तर हेच अंतर जेमतेम 8 मिलिमीटर भरते. घेताना एवढे तपासून पाहावे.

सुरुवातीला मी भिंग चित्राजवळ धरून डोळा लांब ठेवत असे आणि काहीच धड दिसत नसे. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून डोकेच चित्राकडे न्यायचे असते, हे कळल्यावर चित्रातले आकाश एकदम उलगडले. तिथे रंगाचा सलग थर नव्हताच. निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके बारीक फुलांसारखी वर्तुळे करून बसले होते, आणि ही चाररंगी छपाईची खूण आहे. बोटाला लागणारे उंचवटे म्हणजे छापील चित्रावर ब्रशने फिरवलेला पारदर्शक लेप होता. लाटेची कड एका दिशेला जात होती आणि ब्रशचा फराटा दुसऱ्याच. सहीसुद्धा ठिपक्यांचीच होती. वडिलांनी भिंग मागून घेतले, सहीवर बराच वेळ धरले आणि मूल्यमापनाची ठरलेली वेळ स्वतःच रद्द केली.

त्यानंतर हाताने रंगवलेली समजून जपलेली फुलदाणी पाहिली. वेलीची दोन टोके जिथे जुळतात तिथे एक पान सरळ रेषेत कापलेले निघाले, म्हणजे नक्षी चिकटवलेली होती. संगमरवरी म्हणवणाऱ्या मूर्तीत साच्याची शिवण आणि हवेचे बारीक बुडबुडे दिसले, म्हणजे ती दगडातून कोरलेली नसून साच्यात ओतलेली होती.

अशी चूक अडाणीपणामुळे होते, असे मला वाटत नाही. 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात काही तरुणांनी जमिनीवर साधा चष्मा ठेवला, तर प्रेक्षक त्याभोवती थांबून छायाचित्रे घेऊ लागले. 2017 मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीनच्या एका विद्यापीठातील प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या अननसावर काही दिवसांत काचेची पेटी आली. संग्रहालयाच्या जमिनीने आणि काचेच्या पेटीने तिथे जे केले, तेच आमच्याकडे सोनेरी चौकटीने केले. भिंगातून एका वेळी बोटाच्या पेराएवढाच भाग दिसतो, चौकट दिसतच नाही, आणि याच कामासाठी मी ते घ्या म्हणून सांगेन.

त्याच्या मर्यादाही आहेत. चित्र हाताने रंगवलेले असेल, तर ते कोणाचे हे भिंग सांगू शकत नाही. कॅनव्हासचा पोत उठवून वर वार्निश दिलेले एकोणिसाव्या शतकातील ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रे, अनुभव नसलेल्या डोळ्याला भिंगातूनही फसवू शकतात, कारण त्यांचे ठिपके अनियमित असतात. छापील म्हणजे कवडीमोल असेही मानू नये. जुन्या शिलामुद्रणांना आणि कोरीव छापांना स्वतःचे मोल असते, त्यामुळे ठिपके दिसले म्हणून काहीही टाकून देण्यापूर्वी जाणकाराला अवश्य दाखवावे. माझ्या भिंगाला दिवा नाही आणि तिसऱ्याच महिन्यात बिजागरीचा स्क्रू ढिला झाला. स्क्रू घरीच आवळता आला, पण प्रकाशासाठी लहान टॉर्च वेगळी घ्यावी लागली. ती बाजूने तिरपी धरली की लेपाचे फराटे सर्वांत स्पष्ट दिसतात.