बोटाच्या फ्रॅक्चरसाठी चांगला दवाखाना, वेळ काढून जा (4 स्टार)

बोट मोडलं गोव्यात, दाखवलं जळगावात. तापीत पोहत मोठा झालो म्हणून समुद्राचं काय विशेष असं वाटायचं, मोरजीमला सर्फिंग शिकायला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी पायाला बांधलेली बोर्डची दोरी, लीश म्हणतात तिला, हाताला गुंडाळून बोर्ड ओढत होतो, शिकवणारा ओरडतोय गुंडाळू नको, तेवढ्यात लाट बोर्ड घेऊन गेली आणि सोबत माझी अनामिका पण. अंगठी तेवढी लगेच साबण लावून काढली, कारण तासाभरात बोटाचं भरताचं वांगं झालं होतं.

भुसावळला उतरून आधी एका ठिकाणी गेलो तर त्यांनी सगळी बोटं सरळ ठेवून पूर्ण पंजाला प्लास्टर घातलं, म्हणे सहा आठवडे बघायचं नाही. चौथ्या दिवशी मामेभावाने इथे आणलं.

इथल्या सरांनी प्लास्टर कापलं, नुसत्या बोटाचा एक्सरे समोरून, बाजूने, तिरपा असा तीनदा काढायला लावला. मग हळूच मूठ वळ म्हणाले. बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाकडे जातात की एक बोट दुसऱ्यावर चढतं ते बघत होते, चढलं असतं तर हाड आतून फिरलंय, तार टाकावी लागली असती. माझी तिरकी चीर होती पण हाड जागेवर, वाचलो.

मग प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून हातावरच दाबून स्प्लिंट बनवली, बोटं मुळाशी वाकलेली अन् पुढे सरळ. मला हे उलटंच वाटलं, तर म्हणे मुळाशी सरळ ठेवली की सांधा आखडतो, हाड जुळतं पण मूठ वळत नाही. तीन आठवड्यांनी स्प्लिंट काढून शेजारच्या बोटाला पट्टीने बांधलं आणि व्यायाम सुरू. पहिले आठ दिवस कळण्याची भाकरी पण मोडता येत नव्हती, आता मूठ जवळजवळ पूर्ण वळते. परत बोर्डवर कधी विचारलं तर सर म्हणाले अजून महिनाभर नावच काढू नको.

एक स्टार कापला तो वेटिंगचा. अपॉइंटमेंट अकराची, नंबर दीडला, तोवर बाजूचे बाबा चार वेळा विचारून झाले, समुद्रमा काय कराले गयथा रे भो? फिजिओवाल्या मॅडम फक्त संध्याकाळी असतात, फोन करूनच जा.